इन्सुलिन ड्रिप: आधी साखर हलत नाही, मग एकदम घसरते

प्रश्न: ५० मिली नॉर्मल सलाइनमध्ये ५० युनिट रेग्युलर इन्सुलिन, सिरिंज पंपावर. पहिले दोन तास साखर जागची हलत नाही, म्हणून दर वाढवला की नंतर धाडकन खाली येते. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १: नळीत. इन्सुलिन प्लास्टिकच्या आतल्या बाजूला चिकटतं, त्यामुळे सुरुवातीला रुग्णापर्यंत कमीच पोचतं. जोडण्याआधी तयार द्रावणातलं २० मिली नळीतून सोडून फेकून द्या. नळी बदलली की पुन्हा तेच. दर वाढवायची घाई त्यानंतरही नको. साखर तासातासाला बघा.

प्रतिसाद २: बाटलीवरचा आकडाही दोघांनी वाचा, एका मिलीत ४० युनिट की १००? ४०च्या सिरिंजने १००ची बाटली ओढली तर अडीचपट इन्सुलिन जातं. साधी २ मिलीची सिरिंज तर अजिबात नको. आणि चार्टवर ‘युनिट’ पूर्ण लिहा. इंग्रजी ‘यू’ घाईत शून्यासारखा दिसतो, ४ चे ४० होतात.

प्रतिसाद ३: कीटोअ‍ॅसिडोसिस (इन्सुलिन कमी पडून रक्तात आम्ल साचणं) असेल तर पोटॅशियम बघितल्याशिवाय सुरूच करू नका. ३.५ मिलीमोल प्रति लिटरच्या खाली असेल तर आधी पोटॅशियम द्या. इन्सुलिन ते पेशींत ढकलतं, हृदयाची लय बिघडते.

प्रश्नकर्ता: त्वचेखालच्या इन्सुलिनवर आणताना ड्रिप लगेच काढायची?

प्रतिसाद १: नाही! बेसल डोस (त्वचेखालचं, बराच वेळ चालणारं इन्सुलिन) दिल्यावर ड्रिप १ ते २ तास चालू ठेवा. शिरेतलं इन्सुलिन काही मिनिटांतच ओसरतं, त्वचेखालचं तोवर सुरूही झालेलं नसतं.