येलच्या इंगल्स रिंकमध्ये रूपासाठी सोयींना मुरड घातली आहे का?

प्रश्न:
मी पुण्यात आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी मी अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे इंगल्स रिंक, म्हणजे आइस हॉकीचे छपराखालचे बर्फाचे मैदान, निवडले आहे. वास्तुविशारद ईरो सारिनेन यांची ही वास्तू १९५८ मध्ये पूर्ण झाली आणि छपराच्या आकारामुळे लोक तिला देवमासाच म्हणतात. छायाचित्रे भरपूर मिळतात. परंतु खेळाडूंच्या खोल्या आणि प्रेक्षकांच्या जागा या छपराखाली कशा बसवल्या आहेत, ते त्यांवरून उमगत नाही. रूपापायी सोयींना मुरड घातली गेली का?

उत्तर १:
मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, म्हणून आधी छपराविषयी सांगतो. रिंकच्या लांबीवरून काँक्रीटची सुमारे ९० मीटरची कमान जाते, तिच्यापासून दोन्ही बाजूंच्या भिंतींपर्यंत पोलादी दोर ताणलेले आहेत आणि लाकडी छप्पर त्या दोरांवर पेललेले आहे. मध्ये एकही खांब नाही, त्यामुळे सुमारे साडेतीन हजार प्रेक्षकांपैकी कोणालाही खांबाआडून मान वाकडी करून पाहावे लागत नाही. या हॉकीतला पक, म्हणजे चेंडूऐवजी वापरली जाणारी चकती, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच इकडून तिकडे जाते. अशा खेळासाठी याहून मोठी सोय कोणती?

उत्तर २:
मी येलच्याच गावात, न्यू हेवनमध्ये राहते आणि सामने नेमाने पाहते. वरच्या उत्तराशी मी सहमत आहे, पण खेळाडूंना जागा अपुरी पडू लागली होती, हेही खरे आहे. विस्तार बाहेरून जोडला असता, तर देवमाशाचा आकारच बिघडला असता; म्हणून २०१० च्या सुमारास झालेल्या नूतनीकरणात कपडे बदलण्याच्या नव्या खोल्या जमिनीखाली बांधल्या गेल्या. हे काम सारिनेन यांच्याच कार्यालयात घडलेल्या केविन रोश यांच्या संस्थेने केले, याचे मला फार समाधान वाटते.

वीस-वीस मिनिटांच्या तीन डावांमधल्या विश्रांतीत जागेवरून उठू नये, असे मी सर्वांना सांगते. तेव्हा यंत्र येऊन स्केट्सनी चरे पडलेला बर्फाचा वरचा थर खरवडते आणि मागे गरम पाणी सोडत जाते. गरम पाण्याने खालचा बर्फ किंचित वितळून नवा थर त्याच्याशी एकजीव होतो. ते पाणी गोठेपर्यंतच्या काही क्षणांत छपराच्या लाकडी फळ्यांचे प्रतिबिंब ओल्या बर्फात उमटते. प्रकल्पासाठी छेद काढाल, तेव्हा तो कमानीला आडवा घ्या आणि जमिनीखालच्या खोल्याही त्यात दाखवा.