पोर्क टेंडरलॉइन आणि घाईची संध्याकाळ: तुमचे अनुभव सांगा

कामावरून यायला सात वाजतात आणि साडेसातला मुलं भुकेने कासावीस. अशा दिवशी मला टेंडरलॉइनचा, म्हणजे डुकराच्या पाठकण्यालगतच्या मऊ मांसाचा, मोठा आधार आहे. साधारण अर्धा किलोचा लांबट तुकडा, हाड नाही, चरबी नावाला, अर्ध्या-पाऊण तासात ताटात. पण चरबी नाही म्हणूनच जरा नजर हटली की कोरडा पडतो. तुमचा कधी बिघडला, कशाने जमला, सविस्तर लिहा.

* * *

माझा पहिला पार वाया गेला. पोर्क कच्चं राहता कामा नये हे डोक्यात पक्कं बसलेलं, म्हणून आतला गुलाबी रंग पुरता जाईपर्यंत ओव्हनमध्येच ठेवला. घास गिळवेना. मग मांसात खुपसायचा थर्मामीटर आणला आणि सगळंच बदललं. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ साली पोर्कच्या अखंड तुकड्यांसाठी सुरक्षित तापमान ७१ वरून ६३ अंश सेल्सिअसवर आणलं, फक्त शिजल्यावर तीन मिनिटं तसंच ठेवायचं. (खिम्याला मात्र ७१च हवं, तिथे सूट नाही.) आता मी जाड बुडाच्या पॅनमध्ये सगळ्या बाजूंनी खरपूस करते, मग २०० अंशांच्या ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं. ६० झालं की बाहेर. झाकून ठेवल्यावर आतली उष्णता आणखी तीन-चार अंश चढवते, तरी कापण्याआधी ६३ झाल्याची खात्री करतेच. मधोमध किंचित गुलाबी दिसतं, आणि तेच हवं असतं.

* * *

थर्मामीटरला +१. वरचा चंदेरी पापुद्रा काढता ना? तो कितीही शिजवला तरी विरघळत नाही, उलट आक्रसतो आणि तुकडा वाकडा होतो. सुरीचं टोक खाली घालून धार वरच्या बाजूला ठेवून सोलायचा. निमुळतं शेपूट आत दुमडून दोऱ्याने बांधलं की तेही बाकीच्याबरोबर शिजतं.

* * *

मी लॉइन (पाठीचा रुंद तुकडा) आणि टेंडरलॉइन एकच समजून वेळ लावली होती. लॉइन कितीतरी जाड, आत कच्चाच राहिला. पाहुणे ताटकळले.

* * *

ओव्हन तापायचीही वाट बघवत नाही त्या दिवशी मी बोटभर जाडीच्या चकत्या करतो. टिपकागदाने कोरड्या करायच्या, नाहीतर भाजण्याऐवजी उकडतात. मीठ-मिरी, कडक तापलेला पॅन, दर बाजूला दोन-तीन मिनिटं. चकत्या काढल्या की त्याच पॅनमध्ये लसूण, थोडा स्टॉक (हाडं-भाज्या उकळून केलेलं पाणी), चमचाभर मोहरीची पेस्ट. तळाला चिकटलेलं खरवडून आटवायचं, शेवटी लोणी. मध घालणार असाल तर तोही शेवटीच, आधी घातला की करपतो. मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतो तो हा रस.

* * *

दोन चुका माझ्याही. लिंबाच्या रसात रात्रभर मुरवला, तर वरचा थर पिठूळ झाला. आता सकाळी निघताना नुसतं मीठ चोळून फ्रिजमध्ये ठेवते, मीठ आतपर्यंत उतरतं. दुसरी, मंद आचेवर पाच तास ठेवला. खांद्याचं मांस तसं शिजवलं की लुसलुशीत होतं, कारण त्यात विरघळायला भरपूर कोलॅजन (स्नायूंना जोडणारं चिवट प्रथिन) असतं. इथे ते नाही, नुसते सुके धागे उरले.

* * *

पातळ पट्ट्या कापायच्या असतील तर अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवून बघा. घट्ट झालेलं मांस सुरीखाली घसरत नाही. धाग्यांना आडवं कापायचं, कॉर्नफ्लोअर आणि सोया सॉस चोळायचा, मोठ्या आचेवर थोडं थोडं परतायचं. माझी मुलगी आता हे एकटी करते, मी घरी पोचायच्या आत.