स्की घालून डोंगर चढायची शर्यत, हा प्रकार नवीन आहे की जुना?

गुहागरचा_बागायतदार
मंडळी, २०२६ च्या हिवाळी ऑलिम्पिकमधली, इटलीतल्या बोर्मियोची स्की माउंटेनियरिंगची स्प्रिंट कोणी बघितली का? माणसं स्की घालून चक्क वर चढतायत, मधेच स्की काढून पाठीला अडकवून पायऱ्या धावत चढतायत, आणि वर पोचल्यावर स्कीच्या तळाची कसलीतरी पट्टी फर्रकन ओढून काढली, अंगातल्या सूटमध्ये कोंबली आणि सुसाट खाली. तीनेक मिनिटात खेळ खल्लास. आमच्या घरात सगळ्यांचं मत पडलं की टीव्हीसाठी काढलेलं नवीन खूळ आहे. खरंच नवीन आहे का? आणि ती पट्टी कसली, वर जाताना घसरत कसे नाहीत? आम्ही बर्फ बघितला तो बंदरावर मासळीच्या खोक्यातला, त्यामुळे प्रश्न बावळट वाटला तर सांभाळून घ्या.

घाटवाट_चिपळूण
नवीन कसलं दादा, शंभर वर्षं झाली. १९२४ ला शामोनीला पहिलं हिवाळी ऑलिम्पिक झालं त्यात मिलिटरी पॅट्रोल (सैन्याची गस्त) म्हणून शर्यत होती, चार-चार सैनिकांची तुकडी, पाठीला बंदूक, ३० किलोमीटर स्कीवर जायचं आणि वाटेत नेमबाजी. स्वित्झर्लंड जिंकलं होतं. नंतर १९२८, ३६ आणि ४८ ला नुसतीच प्रात्यक्षिक म्हणून झाली. बायथलॉनवाले (स्की अधिक नेमबाजीचा खेळ) पण हिलाच आपली आजी मानतात, पण डोंगर चढायचा भाग बघितला तर स्कीमोचं (म्हणजे स्की माउंटेनियरिंगचं) नातं जास्त जवळचं.

पण खरी मजा ऑलिम्पिकच्या बाहेर आहे. इटलीत ओत्तोरिनो मेत्सालामा नावाचा गिर्यारोहक होता, तो १९३१ ला हिमस्खलनात गेला, त्याच्या नावाने १९३३ पासून मोन्ते रोझा या डोंगररांगेवरून तिघांच्या तुकड्यांची शर्यत सुरू झाली, त्यात कास्तोर हे ४,२०० मीटरच्या वरचं शिखर लागतं आणि हिमनदीवर तिघंही एकाच दोराला बांधलेले. एक दमला की तिघंही हळू. बंद पडून परत सुरू होत होत ती अजून चालू आहे.

आणि सगळ्यात थरारक म्हणजे स्वित्झर्लंडची पात्रुई दे ग्लासिये. १९४३, महायुद्ध चालू, सीमेवरचं सैन्य डोंगरात किती तयार आहे ते तपासायला सैन्याच्याच दोन कॅप्टननी काढली, त्यातला रोजे बोंव्हाँ पुढे देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. त्सेरमाट ते व्हेर्बिये, ५० किलोमीटरच्या वर, चढच ४,००० मीटरच्या आसपास, एरवी लोक ज्या वाटेला चार दिवस लावतात ती एका दमात. निघायचं रात्री, कारण दिवसा ऊन लागलं की बर्फ मऊ होतो आणि धोका वाढतो. १९४९ ला एका तुकडीतले तिघंही हिमनदीच्या भेगेत पडून गेले आणि शर्यतीवर बंदी आली, ती उठायला १९८४ उजाडलं.

पट्टीबद्दल : तिला स्किन म्हणतात, पूर्वी खरंच सीलच्या कातडीची असायची, आता मोहेर (एका जातीच्या शेळीची लोकर) नाहीतर नायलॉन. मुशीच्या पाठीवरून हात फिरवलायस ना, एका बाजूने गुळगुळीत आणि उलट फिरवला की खरखर, तेच तंत्र. पुढे सरकते, मागे धरून ठेवते. जोडीला बूट फक्त पुढून अडकलेला आणि टाच मोकळी, म्हणून चालता येतं. उतरताना टाच लॉक.

मालवणचो_झिलगो
हय उकाड्यान जीव जाता आणि तुमका बर्फ सुचता 😄 पण वाचूक मजा इली. त्या तिघांचा वाचून मात्र वाईट वाटला.

रत्नागिरी_रनर
घाटवाट ने छान लिहिलंय, पण म्हणूनच माझी चिडचिड होते. रात्रभर हिमनदी ओलांडायचा खेळ आणि ऑलिम्पिकमध्ये काय आणलं, तर ७० मीटरच्या आसपासचा चढ, तीन मिनिटं, आणि एक मिक्स रिले (पुरुष-बाई जोडीची). बस्स. फ्रान्समधली पिएरा मेंता घ्या, १९८६ पासून चालू आहे, दोघांची जोडी, चार दिवस, एकूण दहा हजार मीटरच्या आसपास चढ. किलियन जोर्नेसारखा डोंगरात धावणारा नामांकित माणूस असल्या शर्यतींत घडलाय. ते सगळं सोडून रील बनवल्यासारखी शर्यत!

घाटवाट_चिपळूण
अरे पण रात्री ३,६०० मीटरवर कॅमेरे कोण लावणार, आणि हवा बिघडली तर अख्खं वेळापत्रक गडगडणार. ऑलिम्पिकला एका जागी बसून दिसणारी आणि हिमस्खलनाची भीती नसलेली शर्यत लागते. पुरुष-बायका मिळून ३६ खेळाडूंचा कोटा, त्यात दुसरं काय बसवणार. पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप २००२ ला फ्रान्समध्ये सेर शेव्हालिएला झाली, आयओसीची (आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची) पूर्ण मान्यता २०१६ ला, लोझानच्या युथ ऑलिम्पिकमध्ये २०२० ला, आणि २०२६ साठी नाव पक्कं झालं ते २०२१ च्या जुलैत. एवढी दारं ठोठावल्यावर जे मिळालं ते घेतलं त्यांनी.

आणि स्प्रिंटला हसू नकोस. छाती फुटायला आलेली असताना हातमोजे घालून स्किन काढायची, टाच लॉक करायची, एक चूक झाली की फायनल गेली. तिथे नुसती दमछाक कामाची नाही.

रत्नागिरी_रनर
ते मान्य. तरी निदान एक लांब शर्यत ठेवायला हवी होती, इंडिव्हिज्युअल (एकेकट्याची लांब शर्यत) तरी. यावर मी हटणार नाही.

गुहागरचा_बागायतदार
जबरदस्त माहिती, घरी वाचून दाखवतो. आपल्याकडे कोणी करतं का हे?

देवरुखची_ताई
करतात की! खेलो इंडिया विंटर गेम्समध्ये गुलमर्गला स्की माउंटेनियरिंग आहे. आपल्या पोरांना कडे चढायची सवय असतेच, अडतं ते बर्फावर, आणि त्यासाठी महिनोन्महिने तिकडे राहायला पैसा लागतो. भाचा माझ्या मागे लागलाय कोर्सला पाठव म्हणून, त्याला म्हटलं आधी गुलमर्गची थंडी सोसून दाखव, स्कीचं मग बघू.