पीव्हीएल, हाताचं स्पर्शज्ञान आणि डीटीआय: स्कॅन करून घ्यावा का?

ओटी_मिरज:
मूल 7 वर्षांचं, जन्म 30व्या आठवड्यात, स्पास्टिक डायप्लेजिया (सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजे सीपीचा, मुख्यतः पाय कडक करणारा प्रकार), जीएमएफसीएस (हालचालीच्या क्षमतेची श्रेणी) पातळी 2, म्हणजे चालतं, पण मर्यादांसह. एमआरआय 11व्या महिन्यातला. अहवालात 'पेरिव्हेंट्रिक्युलर ल्युकोमलेशिया, व्हेंट्रिकल्स मागच्या बाजूला रुंद, कॉर्पस कॅलोसम पातळ' एवढंच. म्हणजे पीव्हीएल: मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्यांभोवतीच्या (व्हेंट्रिकल्सभोवतीच्या) तंतूंची इजा, आणि मेंदूचे दोन अर्धे जोडणारा तंतूंचा पट्टा (कॉर्पस कॅलोसम) पातळ. कडकपणा मुख्यतः पायांत, हात बऱ्यापैकी मोकळे. तरी न बघता शर्टाचं बटण लागत नाही, खिशात हात घालून नाणं की खोडरबर ते सांगता येत नाही. दुसरीकडे वाळूत हात घालायला साफ नकार, आणि कुकरच्या शिट्टीला दरवेळी दचकणं. पालकांना कुणीतरी डीटीआय (मेंदूतल्या तंतूंची स्थिती मोजणारा एमआरआयचा प्रकार) सुचवलाय. हाताची अडचण मेंदूतल्या इजेशी जोडता येते का, आणि डीटीआयने थेरपीत काही बदलेल का?

रेडिओ_पुणे:
जोडता येते. थॅलॅमसकडून (मेंदूच्या आतल्या संवेदनांच्या केंद्राकडून) स्पर्शाची माहिती कॉर्टेक्सकडे (मेंदूच्या बाहेरच्या थराकडे) नेणारे तंतू व्हेंट्रिकलच्या मागच्या भागाजवळून जातात, आणि पीव्हीएलचा मारा नेमका तिथेच जास्त असतो. बाल्टिमोरचे डॉ. हून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये पीव्हीएल असलेल्या मुलांत डीटीआयवर हेच दाखवलं. 2009 मध्ये त्यांनी मुदतपूर्व जन्मलेल्या, सीपी असलेल्या 28 मुलांचा अभ्यास केला. मागच्या थॅलॅमिक तंतूंची इजा विरुद्ध बाजूच्या स्पर्शाच्या उंबरठ्याशी (किती हलका स्पर्श कळतो त्याच्याशी), सांध्यांच्या स्थितिज्ञानाशी आणि हालचालीच्या तीव्रतेशीही जुळली, कॉर्टिकोस्पायनल तंतूंची (हालचालीचा हुकूम मेंदूकडून खाली नेणाऱ्या तंतूंची) मात्र जुळली नाही. म्हणून सीपीकडे फक्त 'मोटर'चा (हालचालीचा) आजार म्हणून बघणं मला पटत नाही.

पण गटाची सरासरी वेगळी आणि एका मुलाचा निर्णय वेगळा. एफएचा (डीटीआयवर तंतू किती एकाच दिशेने आहेत ते सांगणाऱ्या मापाचा) आकडा कमी आला म्हणजे तंतू तुटले असं नाही. व्हेंट्रिकल रुंद असेल आणि मोजणीचा चौकोन (चित्रावर मोजायला निवडलेला भाग) काठावर पडला, तर द्रव मिसळून आकडा आपोआप घसरतो. तंतू एकमेकांना छेदतात तिथेही तो कमीच असतो. उलट छेदणाऱ्यांपैकी एकच गट नष्ट झाला तर तो वाढूही शकतो! शिवाय आकडा मशीन, प्रोटोकॉल आणि वय यांवर बदलतो, त्यामुळे त्याच मशीनवर त्याच वयाच्या निरोगी मुलांची मापं नसतील तर तुलना कशाशी करणार? रंगीत ट्रॅक्टोग्राफीची (तंतूंचे मार्ग रेखाटलेली) चित्रं पाहून पालक घाबरतात किंवा भलत्या आशेवर राहतात. किमान 30 दिशांनी मोजणी, बी-मूल्य (मोजणीच्या संवेदनशीलतेची सेटिंग) 1000, साधारण 2 मिमीचे व्हॉक्सेल (चित्राचे बारीक घन) असा स्कॅन मिनिटांच्या हिशेबात लांबतो आणि मूल हललं की वाया जातो. केवळ थेरपी ठरवण्यासाठी मी तो करायला सांगणार नाही.

हात_आणि_पाय:
आधी हात तपासा. दोन गोष्टी वेगळ्या ठेवा: स्पर्श ओळखता न येणं आणि स्पर्श सहन न होणं. दोन्ही एकाच मुलात असू शकतात, उपाय मात्र निराळे.

ओळखण्यासाठी नाणं, किल्ली, चमचा, पेन्सिल, बटण अशा 8-9 वस्तूंचे दोन सारखे संच घ्या. डोळ्यांवर पट्टी बांधू नका, मुलं बिथरतात. हातांसमोर पुठ्ठ्याचा आडोसा पुरतो. मूल नाव सांगण्याऐवजी दुसऱ्या संचातली वस्तू दाखवतं, म्हणजे बोलण्याची अडचण मध्ये येत नाही. बोटं वस्तू फिरवू शकत नसतील तर तुम्ही ती तळहातात फिरवा, नाहीतर मोटर अडचणच स्पर्शाच्या खाती जमा होते. सांध्याच्या स्थितिज्ञानाच्या तपासणीत (न बघता बोट वर हललं की खाली ते विचारताना) बोट दोन्ही बाजूंनी धरा, वरून-खालून नाही, कारण दाबावरूनच दिशा कळते. मोनोफिलामेंट (स्पर्श तपासायच्या ठराविक जाडीच्या नायलॉन तारा) असतील तर हाताला 2.83 क्रमांकाच्या तारेपासून सुरू करा, हळू टेकवून तार वाकेपर्यंत साधारण दीड सेकंद धरा, आणि मध्येमध्ये न टेकवताच विचारा. 'हो' म्हणायची सवय असलेली मुलं तिथे लगेच कळतात.

सेन्सरी प्रोफाइलसारख्या, संवेदनांबद्दलच्या प्रश्नावल्यांबद्दल सावध राहा. 'लवकर थकतं', 'पकड कमकुवत' हे प्रश्न सीपीमध्ये स्नायूंमुळेच 'हो' होतात आणि गुण फुगतात. शिट्टीला दचकणंही सीपीत बऱ्याचदा दचकण्याच्या प्रतिक्षेपाचा भाग असतं. 'आता शिट्टी होणार' असं आधी सांगितलं तर त्रास कमी होतो का ते बघा.

आणखी एक, हे फार सुटतं: पीव्हीएलच्या इजेत दृष्टीचे तंतूही सापडतात. 6/6 दिसत असूनही खालचा दृष्टिपट्टा अधू असू शकतो. बटणं छातीखाली असतात, त्यामुळे नेत्रतपासणीत दृष्टिक्षेत्र आवर्जून तपासून घ्या. तसं निघालं तर टेबलाचा पृष्ठभाग तिरका करून काम वर आणा.

थेरपीत झोका आणि ब्रशिंगवर तास घालवू नका. नोव्हाक आणि सहकाऱ्यांच्या 2013 आणि 2020 च्या आढाव्यांत सीपीसाठी सेन्सरी इंटिग्रेशनला (झोका, ब्रशिंग अशा संवेदना देऊन करायच्या थेरपीला) पाठबळ मिळत नाही, ध्येयाधारित आणि दोन्ही हातांच्या कामाच्या सरावाला मिळतं. तांदळात लपवलेल्या वस्तू शोधणं, मोठी बटणं आधी बघत आणि मग आडोशामागे, असं करा. वाळू नको म्हणतंय तर सक्ती नको. कोरडे तांदूळ, मग राजमा, मग रवा, मुलानेच हात घालायचा.

ओटी_मिरज:
आडोशाची युक्ती लगेच वापरते. 11व्या महिन्यातला जुना स्कॅन पुरेसा आहे का?

रेडिओ_पुणे:
साधारण 6 ते 18 महिन्यांत मायलिन (तंतूंवरचं वेष्टण) अर्धवट असतं, त्यामुळे टी2वर (एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रावर) सौम्य डाग लपू शकतात. तुमच्या अहवालात व्हेंट्रिकल्सचा आकार आणि पातळ कॉर्पस कॅलोसम आधीच सांगून जातात, त्यामुळे निदानासाठी पुन्हा गरज नाही. येत असलेली क्षमता जाऊ लागली, नव्या प्रकारच्या आकड्या आल्या किंवा घराण्यात तसाच आजार निघाला, तरच पुन्हा एमआरआय मागवा. भूल द्यावी लागलीच तर आकडीची औषधं त्या सकाळीही भूलतज्ज्ञांना विचारल्याशिवाय थांबवायची नाहीत. उलटी-ठसक्याचा त्रास, शंट (मेंदूतलं जादा पाणी वाहून नेणारी नळी) किंवा बॅक्लोफेन पंप (कडकपणा कमी करणारं औषध सोडणारा) असेल तर आधीच सांगायचं. प्रोग्रामेबल शंटची सेटिंग स्कॅननंतर तपासून घ्यावी लागते.

हात_आणि_पाय:
पायाचं स्पर्शज्ञानही बघा. एएफओ (घोट्याला आधार देणारा स्प्लिंट) काढल्यावर लाली 20-30 मिनिटांत गेली नाही, तर मूल दुखतंय म्हणून सांगेलच असं नाही. स्प्लिंट बनवणाऱ्यांकडे त्याच आठवड्यात पाठवा.