अनुभव धागा: डेटाची मर्यादा, घड्याळाचे दर आणि घरचं नेट

महिन्याला ठरावीक जीबी, किंवा दिवसा मोजणी आणि रात्री मोकळं रान. असा प्लॅन घरात असला की काय काय होतं ते इथे लिहा. कंपन्यांची नावं नकोत, नाहीतर धागा भलतीकडे जातो. मोडेमची किरकिर ऐकलेल्यांनी सुरुवात करावी.

जुना मोडेम
आलोच! डायल-अपला, म्हणजे फोनच्याच लाइनवरून नंबर फिरवून जोडायच्या नेटला, दोन मीटर पळायचे, फोनचा वेगळा आणि नेटच्या तासांचा वेगळा. रात्री कॉलचा दर उतरायचा. म्हणून मेलं ऑफलाइन लिहून ठेवायची, दर उतरला की जोडायचं, भराभर पाठवायचं, आलेली उतरवून घ्यायची आणि तोडायचं. ५६ केबीपीएसवर एक एमबी उतरायला तीन-चार मिनिटं, तीही लाइन खुशीत असेल तर. मध्येच कुणी फोन उचलला की मुसळ केरात.

रातपाळी
अगदी अगदी! आमच्याकडे नंतर ब्रॉडबँड आलं, रात्री दोन ते सकाळी आठ मोजणी बंद. मेख अशी की हिशोब सेशननुसार, म्हणजे जोडल्यापासून तोडेपर्यंतचा एकत्र, व्हायचा. पावणेदोनला जोडलेलं सेशन दोनच्या पुढे गेलं की सगळंच दिवसाच्या खात्यात पडायची भीती. मग दोन वाजून पाच मिनिटांनी कनेक्शन तोडून नव्याने जोडायचं आणि आठच्या आधी बंद करायचं. त्यात आपलं घड्याळ धरायचं नाही, कंपनीच्या सर्व्हरचं धरायचं. पुढे राउटरलाच वेळ लावून दिली, पण वीज गेली की त्याचं घड्याळ भलतीच वेळ दाखवायचं आणि भर दुपारी डाउनलोड सुरू! वेळ इंटरनेटवरून जुळवून घ्यायची सोय राउटरमध्ये असते, ती चालू ठेवा.

वाचनमात्र
+१, आमच्याकडेही दोनचा गजर असायचा.

कॅमेरेवाली
आमची मर्यादा महिना अर्धा सरायच्या आत संपायची आणि संशय मुलांच्या गेमवर. राउटरच्या पानावर उपकरणवार आकडे पाहिले तर सगळ्यात वर दारावरचा कॅमेरा! २ एमबीपीएसने अखंड अपलोड, म्हणजे दिवसाला साडेएकवीस जीबी. बऱ्याच प्लॅनमध्ये अपलोडही मोजतात हे घरात कुणाच्या गावीही नव्हतं. फोनमधल्या फोटोंचा बॅकअपही त्यातच.

नेटवर्कवाला
याच धंद्यात आहे म्हणून थोडं लांबलचक. लाइन तुंबते ती रात्री आठ ते अकराच्या दरम्यान. तुमची नेट कंपनी वरच्या मोठ्या नेटवर्ककडून बँडविड्थ (डेटा वाहून नेण्याची क्षमता) घेते, तेव्हा तिचं बिल बहुधा ९५ पर्सेंटाइलवर होतं. दर पाच मिनिटांचा वेग नोंदवतात, महिन्यातल्या सर्वांत वरच्या ५ टक्के नोंदी सोडतात आणि उरलेल्यांतल्या सर्वोच्च वेगावर पैसे लावतात. पहाटे चारला तुम्ही १०० जीबीचा गेम उतरवलात तर त्या बिलात जवळपास काही फरक पडत नाही. उलट मर्यादेत राहून रोज नऊला फोर-के बघणारा (तासाला ७ जीबीपर्यंत) लाइन भरतो. मार्च २०२० मध्ये सगळे घरी बसले तेव्हा युरोपात नेटफ्लिक्सने बिटरेट (व्हिडिओला सेकंदाला लागणारा डेटा) कमी केला, तो त्या त्या क्षणीचा भार उतरवायला. म्हणून घड्याळाच्या दराला निदान काही तर्क आहे, महिन्याच्या मर्यादेला मला तरी फारसा दिसत नाही. ती मुख्यतः महागडा प्लॅन खपवायला असते.

संध्याकाळचे क्लास
नेटवर्कवाले, तर्क पटला, पण डाउनलोड पहाटे ढकलता येतं, व्हिडिओ कॉल ढकलता येत नाही. मी शिकवते तेच मुळी सात ते दहा. पहाटेची सवलत मला काय कामाची? वर मर्यादा संपली की वेग १ एमबीपीएसवर येतो, मुलांना माझा आवाज तुटक आणि चेहरा गोठलेला. आता शेवटच्या आठवड्यात कॅमेरा बंद ठेवून फक्त आवाज आणि फळा.

रातपाळी
कंपनीचं मीटर आणि राउटरचं मीटर कधी जुळतं का हो कुणाचं?

नेटवर्कवाला
बाइटचे केबी, मग एमबी, मग जीबी करताना दर पायरीला एक जण १००० ने भागतो, दुसरा १०२४ ने. जीबीपर्यंत येताना ७ टक्क्यांचा फरक तिथेच पडतो. त्याहून जास्त असेल तर तक्रार करा, स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा.

वाचनमात्र
कॅमेरेवाली, मग कॅमेऱ्याचं काय केलंत?

कॅमेरेवाली
हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग, तेही आतल्या मेमरी कार्डावर. गेमवाल्यांनी जाहीर माफी मागून घेतली.