तीन महिन्यांची बेगमी घरात कशी करावी?

पडवी
नमस्कार. आम्ही गुहागर तालुक्यातले, घर समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं. आगोटीचं, म्हणजे पावसाळ्यापूर्वीचं, सामान दरवर्षी भरतो, पण ते बाजार चालू राहील असं धरून. २०२०चं निसर्ग आणि पुढच्याच वर्षीचं तौक्ते ही वादळं पाहिल्यापासून वाटतंय, वीज, रस्ता, दुकान काही नसलं तरी तीन महिने घर चालायला हवं. अडचण अशी की दमट हवेने जुलैतच तांदळात किडे आणि जाळी होते. दुकानदार धान्यात ठेवायच्या गोळ्या घ्या म्हणतो. घ्याव्यात का? आणि एवढं सगळं एकदम भरायला पैसे नाहीत, तर सुरुवात कशापासून करू?

सुरंगी
ताई, आधी गोळ्यांचं. सेल्फॉससारख्या गोळ्या राहत्या घरात आणूच नका. हवेतल्या ओलाव्यानेच त्यांतून विषारी वायू सुटतो आणि बंद खोलीत झोपलेली माणसं त्याने दगावतात. घरात म्हातारी माणसं आणि मुलं आहेत, त्या दुकानदाराला स्पष्ट नाही म्हणा.

मी दापोली तालुक्यातली. निसर्ग ३ जूनला आलं, म्हणजे आगोटीची भरणी नुकतीच झालेली. आमच्या वाडीत त्यानंतर कित्येक आठवडे वीज नव्हती. माड-पोफळी रस्त्यावर आडव्या, गॅसची गाडी येईना. त्या दिवसांत एक गोष्ट पक्की कळली: घराघरांत तांदूळ होता, कमी पडलं ते सरपण आणि पाणी. विहीर भरलेली, पण सगळ्यांचे पंप विजेवरचे. ज्यांनी रहाट काढून टाकला नव्हता त्यांच्याकडे अख्खी वाडी कळशा घेऊन उभी असायची. म्हणून पैसे थोडे असतील तर पहिला खर्च विहिरीला रहाट किंवा कप्पी, दोर आणि पोहरा यांवर करा. दुसरा, पागोळ्या लागणार नाहीत अशी सरपणाची जागा. मे महिन्यात नारळाची सोडणं (वरची साल), करवंट्या, झावळ्यांचे पिढे फुकट मिळतात, ते कोरडे असतानाच भरा. पडवीत एक चूल मांडलेली असू द्या.

आता धान्य. पेज-भातावर राहायचं झालं तर माणशी महिन्याला १० किलो धान्य आणि २ किलो कडधान्य धरा. सहा माणसांना तीन महिन्यांचं १८० किलो धान्य झालं. तुमची शेती असेल किंवा शेजारी भात विकत असेल तर निम्मं भातच ठेवा. तुसात असलेला दाणा तूस काढलेल्या तांदळापेक्षा कितीतरी जास्त टिकतो. तांदळात उकडा (भात उकडून मग काढलेला) जास्त घ्या, त्याचा दाणा कठीण असतो आणि त्याला कीड कमी लागते. हातसडीचा मात्र साठवणीला नको, त्याच्या कोंड्यातलं तेल खवट होतं. तो दोन महिन्यांत संपेल एवढाच आणा.

भरण्याआधी दाणा दातांखाली धरून बघा. कडकन तुटला पाहिजे. नुसता चेपला तर अजून ऊन हवं. मेच्या उन्हात वाळवल्यावर तो रात्रभर घरात पसरून पूर्ण गार होऊ द्या आणि मगच पत्र्याच्या डब्यात भरा. गरम धान्य भरलं की आत घाम सुटतो, तुमच्या जुलैतल्या जाळीचं मूळ बहुतेक तिथेच आहे. डबा गळ्यापर्यंत भरा, पोकळी ठेवू नका, आणि झाकणाला मेणकापड लावा. मोठ्या पिंपापेक्षा १५ किलोचे डबे बरे, एक उघडला तरी बाकीचे बंद राहतात.

तूरडाळीला एरंडेल चोळून ठेवा. वाल राखेत. कुळीथ आणि नाचणी यांना फारसं जपावं लागत नाही, नाचणी तर नीट वाळवली की वर्षानुवर्षं राहते. माझ्या हिशेबाने प्रत्येक घरात २० किलो नाचणी असायलाच हवी, म्हाताऱ्या माणसांना आंबील आणि मुलांना भाकरी दोन्ही होतं. शिवाय मेतकूट, आमसुलं, खारवलेल्या कैऱ्या, गूळ, मीठ. फणसाच्या आठळ्या मातीत घोळवून कोपऱ्यात टाका.

मासळीसाठी फ्रीझरवर विसंबू नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि वादळं नेमकी त्याच्या आगेमागे येतात. सुकवलेले सोडे, जवळा, बोंबील घट्ट डब्यात ठेवा आणि उघडीप मिळाली की तासभर ऊन दाखवा.

आणि एकदम भरू नका. दर महिन्याच्या किराण्यात एक डबा जास्त. जुना आधी काढायचा, नवा मागे. डब्यावर खडूने महिना लिहा.

वाशिष्ठीकाठ
सुरंगीताईंनी सगळं नेमकं लिहिलंय. चिपळूणकर म्हणून एवढंच जोडतो, डबे ठेवायची जागा बघा. २२ जुलै २०२१ला आमचं तळघर आणि तळमजला दोन्ही बुडाले. खाली ठेवलेलं पीठ, डाळ सगळं चिखलात गेलं. कामाला आलं ते माळ्यावरचं. आता एक तृतीयांश साठा कायम वर असतो, त्यातच काडेपेट्या बरणीत आणि वडिलांची औषधं. आणखी एक, पुराचं पाणी विहिरीत शिरलं की ती उपसून ब्लीचिंग पावडर टाकेपर्यंत पाणी पिऊ नका. पिण्याच्या पाण्याचे कॅन आधीच भरलेले हवेत. आणलेलं पाणी खळखळून उकळायचं, म्हणजे त्यालाही सरपण लागतं. सरपणाचा हिशेब थोडा वाढवूनच धरा.

पडवी
दोघांचे आभार. आमच्या विहिरीवर रहाटाचे खांब अजून आहेत, चाक गेलंय. सासरे म्हणतात गावातला सुतार बसवून देईल. एकच विचारते, उकडा मुलं खात नाहीत. मग सगळा सुरयच (न उकडलेला साधा तांदूळ) ठेवला तर?

सुरंगी
सुरय ठेवा, पण पॉलिश केलेला आणि चांगला वाळलेला घ्या, पावसाळ्यात आधी तो संपवा. उकड्याची पेज आठवड्यातून एकदा आत्तापासूनच करा, वर भाजलेला पापड किंवा सुकटीची चटणी द्या. ज्याची सवय नाही ते अडचणीच्या दिवसांत मुलं तोंडात घेत नाहीत, ते मी निसर्गच्या वेळी पाहिलंय.