टेट्रिस: १९ व्या लेव्हलला अडकलोय. हायपरटॅपिंग शिकू की रोलिंग? सोलापूरकरांनो, सल्ला द्या

गड्डा_९८

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय.

मी साखर पेठेत राहतो, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघतो. लहानपणी वडिलांनी गड्ड्याच्या जत्रेत, होम मैदानावर, करड्या पडद्याचा ब्रिक गेम घेऊन दिला होता. घरी येईपर्यंत रिक्षातच त्याचे सेल अर्धे संपवले होते मी. ठोकळ्यांचं वेड तेव्हापासूनचं. गेल्या वर्षापासून निन्टेंडोचा १९८९ चा जुना टेट्रिस खेळतोय. लॅपटॉपवर एम्युलेटर (जुन्या कन्सोलचे खेळ चालवणारा प्रोग्राम) आणि यूएसबी पॅड, रोज रात्री जेवण झालं की तासभर.

१८ व्या लेव्हलपासून सुरू करतो. सगळ्यात जास्त स्कोअर ४,१२,०००. १८ वर हात बसलाय, पण १९ लागली की दहा-बारा ओळींत खेळ खलास. डावीकडे न्यायची काठी (चार घरांचा लांब ठोकळा) मध्येच ढिगावर बसते. बटण दाबून धरलं तरी पोचत नाही.

म्हणून महिनाभर हायपरटॅपिंग करून बघितलं, म्हणजे अंगठा थरथरवत एकेक ठोका मारायचा. वेग थोडा वाढला, पण कोपरापासून मनगटापर्यंत हात भरून येतो. परवा सकाळी पाण्याची कळशी उचलताना कळ आली, तेव्हा जरा घाबरलो.

तर विचारायचं हे, की हायपरटॅपिंग चालू ठेवू, का सरळ रोलिंग, म्हणजे पॅडच्या पाठीवर बोटं मारून ठोके द्यायची पद्धत, शिकू? रोलिंगसाठी पॅड वेगळा लागतो का? आणि सोलापुरात आणखी कुणी खेळतं का? इथे कुणाला सांगायला गेलो तर "तो मोबाईलवरचा का?" असंच विचारतात.

जुळे_सोलापूर_७

आधी हात थांबव. कळ येत असेल तर आठ दिवस पॅडला हातच लावू नकोस. बाकीचं नंतर.

आणि एक विचारतो, जुनाच का? नव्या टेट्रिसमध्ये ठोकळा बाजूला ठेवता येतो, एका बटणात खाली आपटता येतो, पुढचे पाच-सहा दिसतात. हालचाल कमीत कमी बटणांत करायची, त्याला फिनेस म्हणतात, तीही शिकण्यासारखी आहे. हाताला त्रास कमी होतो.

गड्डा_९८

दादा, नवा खेळून पाहिलाय, छान आहे. पण जुन्यात पुढचा एकच ठोकळा दिसतो, काही बाजूला ठेवता येत नाही, काठी येईल तेव्हा येईल. ती वाट बघण्यातच माझा जीव अडकलाय. हात थांबवलाय, आजपासून.

धोटा

थांब. रोलिंगच्या आधी एक काम कर. तुझ्या एम्युलेटरच्या कोपऱ्यात सेकंदाला किती फ्रेम (पडद्यावरची चित्रं) चालल्यात तो आकडा दाखवता येतो. तो ६० आहे की ५०, ते बघून सांग. तुझं वर्णन वाचून मला शंका येतेय.

गड्डा_९८

काका, ५० दाखवतोय. काही बिघडलंय का?

धोटा

बिघडलं काही नाही, तू युरोपची आवृत्ती खेळतोयस. आपल्याकडेही टीव्ही त्याच पद्धतीचे होते. तिला पाल म्हणतात, अमेरिकन आवृत्तीला एनटीएससी. दोन्हींचं चित्र सारखंच, पण आतलं गणित वेगळं. इथेच तुझी फसगत झाली.

अमेरिकन आवृत्तीत १८ व्या लेव्हलला ठोकळा दर ३ फ्रेमना एक ओळ उतरतो, १९ पासून दर २ फ्रेमना, आणि २९ पासून दर फ्रेमला एक ओळ. खेळाची शेवटची गती हीच. पालमध्ये ती १९ लाच येते! २० ओळींचं मैदान, फ्रेमला एक ओळ, सेकंदाला ५० फ्रेम. म्हणजे ठोकळा वरून खाली यायला ०.४ सेकंद. तू ज्याला १९ म्हणतोयस तिथे अमेरिकेतले लोक २९ ला पोचतात. तुझ्यात खोट आहे असं समजून तू महिनाभर हात मोडून घेतलास, म्हणून कळवळून लिहितोय.

आता बटण दाबून धरण्याचं बघू. त्याला डॅस म्हणतात. अमेरिकन आवृत्तीत बटण दाबलं की ठोकळा एक घर सरकतो, मग १६ फ्रेम थांबतो, आणि त्यानंतर दर ६ फ्रेमना एक घर. सेकंदाला १० घरं झाली. ही १६ ची थांबणूक दर ठोकळ्याला भरायची गरज नसते. ठोकळा बसल्यावर आणि नवा दिसायच्या आधी एक बारीकसा मोकळा वेळ असतो, त्यात दिशा दाबून धरलीस तर आधीचा भरलेला १६ फ्रेमचा हिशेब तसाच राहतो आणि नवा ठोकळा आल्या आल्या पळतो. नवा ठोकळा दिसल्यावर दाबलंस तर हिशेब शून्यावर. आणि ठोकळा भिंतीला टेकलेला असताना त्याच दिशेला दाबून धरलंस तर हिशेब एकदम पूर्ण भरतो. हे कळल्यावर मी पुन्हा खेळायला बसलो तेव्हा वाटलं, इतकी वर्षं हात बांधून खेळत होतो.

आमचे भवानी पेठेत माग होते. धोटा या बाजूने त्या बाजूला जातो तो ठोका कानात बसलेला असतो, एक चुकला तर न बघता कळतं. डॅसचं तसंच आहे. डोळ्यांनी फ्रेम मोजता येत नाहीत, ठोका कानात बसवावा लागतो.

तर माझा सल्ला असा: अमेरिकन आवृत्तीवर ये, १८ वरून सुरू कर, महिनाभर फक्त डॅस.

विजापूर_वेस

काकांशी शंभर टक्के सहमत, आणि मी तर म्हणतो रोलिंगच्या वाटेला जाऊच नकोस. जोनास न्यूबाउर सात वेळा जगज्जेता झाला, तो डॅसवरच. ढीग खाली ठेवायचा, डावी बाजू फुगू द्यायची नाही, उजवीकडची विहीर, म्हणजे काठीसाठी मोकळी ठेवलेली उभी फट, स्वच्छ. १९ वर दर २ फ्रेमना ओळ म्हणजे काठीला डावीकडे पाच घरं जायला ढिगाच्या वर मोकळी जागा भरपूर लागते. ढीग साधारण पाच-सहा ओळींच्या आत असेल तर डॅस पुरतो. खरी कला रचण्याची. हात वेगवान आणि ढिगात भोकं, असे लोक मी पाहिलेत.

शेंगाचटणी

विजापूर वेसदादा, रचण्याबद्दल पटलं. "वाटेला जाऊच नकोस" हे पटलं नाही.

अमेरिकन २९ चं गणित करून बघा. २० फ्रेम, म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा. डॅस दर ६ फ्रेमना सरकवतो, तेवढ्या वेळात तीन, फार तर चार घरं. उभी काठी डाव्या भिंतीला न्यायला पाच लागतात. मैदान रिकामं असलं तरी पोचत नाही, म्हणून तर कितीतरी वर्षं २९ म्हणजे शेवट असं सगळे धरून चालले होते. थोर आकरलंड हायपरटॅपिंगने ३० ला पोचला तेव्हा ती भिंत पहिल्यांदा हलली. २०१८ च्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात १६ वर्षांच्या जोसेफ सेलीने हायपरटॅपिंगनेच न्यूबाउरला हरवलं. २०२० च्या शेवटी चीझ या नावाने खेळणाऱ्या खेळाडूने रोलिंग आणलं, आणि डिसेंबर २०२३ मध्ये ब्लू स्कूटी नावाने खेळणारा १३ वर्षांचा मुलगा १५७ व्या लेव्हलपर्यंत गेला. तिथे खेळच गोठला. गोठलेला पडदा बघून तो खुर्चीत जसा थरथरत होता ते बघताना माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. तेव्हा ज्याला पुढे जायचंय त्याने रोलिंग शिकावं. मी दीड वर्षं करतेय, २९ ओलांडलीय.

गड्डादादा, तुमच्यासाठी नीट लिहिते, कारण व्हिडिओ बघून हात कुठे किती जोर देतो ते कळत नाही.

रोलिंगमध्ये अंगठा दाबत नाही. अंगठा दिशेच्या बटणावर नुसता टेकवायचा, बटण अर्धं दबेल इतपत. दुसऱ्या हाताची बोटं पॅडच्या पाठीवर एकामागून एक मारायची, करंगळीपासून तर्जनीपर्यंत. टेबलावर बोटं वाजवतो तशीच. प्रत्येक बोटाने पॅड किंचित पुढे ढकलला जातो आणि अंगठ्यावर आदळतो. अंगठा जागचा हलत नाही, पॅड त्याच्याकडे येतो. चार बोटं, चार ठोके, आणि हे इतकं जलद होतं की सेकंदाला वीसच्या वर जाता येतं. अंगठा थरथरवून ते अशक्य आहे.

पहिले पंधरा दिवस माझं अंगठ्याच्या जोरावरच अडलं होतं. जास्त दाबला तर बटण दबलेलंच राहतं, चार बोटं मारली तरी एकच ठोका धरला जातो. फार हलका ठेवला तर एकही नाही. मी शेवटी डोळे मिटून बसायचे आणि बटणाची टकटक ऐकायचे. चार वेळा स्पष्ट वाजली की बरोबर. काका म्हणतात ते मागाच्या ठोक्याचं अगदी खरं आहे.

सरावासाठी टेट्रिसजिम घ्या. मूळ खेळावर बसवायची सुधारणा आहे ती, वेग सेकंदाला किती ते पडद्यावर दाखवते, आणि पाहिजे त्या लेव्हलला थेट सुरू करता येतं. सुरुवात उजवीकडून करा. उभी काठी उजव्या भिंतीला न्यायला बरोबर चार घरं लागतात, म्हणजे चार बोटांची एक फेरी, मोजायला सोपं. डावीकडे पाच, म्हणजे एक फेरी आणि वर एक बोट. ते पाचवं बोटच सगळ्यांना रडवतं. आधी कमी वेगात पाच मोजून बसवा, मग वेग. फिरवायची बटणं कशी दाबायची याची प्रत्येकाची पद्धत वेगळी असते, त्यात आत्ता पडू नका.

पॅड साधा चालतो, पण तारेचा घ्या, ब्लूटूथ नको. दिशेचं बटण मऊ आणि कमी खोल जाणारं हवं. पाठ खरखरीत असेल तर बोटं अडकतात, म्हणून बरेच खेळाडू हातमोजा घालतात. मी सुती मोजा घालते.

आता हाताचं. माझी आई तीस वर्षं विड्या वळते. हजार विड्या वळणाऱ्या हाताला काय होतं ते मी घरात बघितलंय. ती मला पहिल्या दिवशीच म्हणाली, "दुखायला लागल्यावर थांबू नकोस, दुखायच्या आधी थांब." मी वीस मिनिटं खेळते, दहा मिनिटं हात खाली सोडून बसते. खांदा वर चढलेला असेल तर समजा जोर चुकीच्या जागी लागतोय. आणि तुमची कळ आठ दिवसांत गेली नाही तर डॉक्टरांना दाखवा, अंगावर काढू नका.

धोटा

शेंगाचटणीताई, उत्तम लिहिलंत. मी पन्नाशीचा, रोलिंग माझ्याच्याने होईल का?

शेंगाचटणी

काका, का नाही होणार? हायपरटॅपिंगला दंडाची ताकद लागते, याला लागत नाही. तुमचा कान तयार आहे, ते तर सगळ्यात अवघड काम.

विजापूर_वेस

ताई, २९ चं गणित मान्य. पण त्याने आधी १९ वर डॅसने दोन-तीन महिने काढावेत, एवढं तरी मान्य करा. रचता आलं नाही तर वेग कुठे वापरणार?

शेंगाचटणी

मान्य. दिवसाचा अर्धा तास डॅसने खेळ, दहा मिनिटं रोलिंगचा नुसता हात. दोन्ही बरोबर चालू द्या.

गड्डा_९८

दीड महिन्याने येतोय, माफ करा. कारखान्यात ऑर्डरची गडबड होती.

पहिले दहा दिवस काहीच खेळलो नाही. कळ गेली. मग अमेरिकन आवृत्तीवर आलो, आणि १९ लागली तेव्हा खरंच विश्वास बसेना. ठोकळा दिसतोय, विचार करायला जागा आहे! दिशा आधीच दाबून धरायची सवय व्हायला तीन आठवडे गेले, अजूनही गडबडीत उशीर होतो. पण मागच्या रविवारी ५,३८,००० झाले. रात्री साडेअकरा वाजता उठून वडिलांना दाखवलं. त्यांना आकडा काही कळला नाही, पण गड्ड्यातला तो ब्रिक गेम त्यांना आठवला. त्याचा रंगसुद्धा त्यांनी बरोबर सांगितला, लाल.

रोलिंगचं सांगतो. पहिला पॅड नव्या पेठेतल्या एका दुकानातून घेतला, दिशेचं बटण इतकं ताठ की अंगठा टेकवून काही होईना. बदलून देत नाहीत म्हणाले. दुसरा मागवला, तो मऊ आहे. आता उजवीकडे चार जवळजवळ दर वेळी जमतात. वेग सेकंदाला १४ पर्यंत. डावीकडे पाचवं बोट मात्र तसंच रडवतंय. कधी चार होतात, कधी सहा.

ताई, पाचव्यासाठी पुन्हा करंगळी मारायची की तर्जनीच दोनदा?

शेंगाचटणी

पुन्हा करंगळी. तर्जनी दोनदा मारली की हात तिथेच थांबतो आणि फेरी तुटते. एक करून बघा: फेरी करंगळीऐवजी तर्जनीपासून उलटी सुरू करा, तर्जनी, मधलं, अनामिका, करंगळी, आणि पाचवी पुन्हा तर्जनी. काहींच्या हाताला ते सोपं जातं. दोन्ही प्रकार तीन-तीन दिवस करून ठरवा.

५,३८,००० बद्दल मनापासून अभिनंदन!

धोटा

शाब्बास. आता ऐका, माझ्याकडे २१ इंची जुना नळीचा टीव्ही आहे, चालू स्थितीत. बटण दाबल्यावर सपाट पडद्याला जो उशीर होतो तो त्यात नाही. मुलाने अमेरिकन कन्सोल आणि तार जोडून दिलीय. येत्या रविवारी दुपारी चारनंतर भवानी पेठेत घरी या सगळे. पत्ता निरोपात पाठवतो. आपापला मोजा आणा.

विजापूर_वेस

मी येतो. मोज्याशिवाय, डॅसवाला आहे.

गड्डा_९८

काका, मी नक्की येतो. कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन येतो, ताईंच्या नावाची.

शेंगाचटणी

या. मी आईलाही घेऊन येणार आहे. तिला बघायचंय मी बोटं नक्की कशी चालवते ते.